अमेरिकेची ओळख म्हणावा असा चाकू कोणता? बोवीच ना?

बोवीच ना, असं तुम्ही विचारलंय आणि बहुतेक जण हो म्हणतील. माझं मत बक कंपनीच्या ११० या मिटणाऱ्या चाकूला.

बोवीची गोष्ट फक्कड आहे, हे मान्य. १९ सप्टेंबर १८२७, नॅचेझजवळ मिसिसिपी नदीतला वाळूचा दांडा. द्वंद्व ज्या दोघांचं, त्यांनी दोन-दोन गोळ्या झाडल्या, चारही हुकल्या, आणि हात मिळवून ते मोकळे झाले. जुंपली ती सोबत आलेल्या मंडळींत! जिम बोवीला गोळी लागली, वर गुप्तीचे वार झाले, तरी त्याने मोठ्या सुऱ्याने एकाला आडवा केलाच. बातमी छापून आली आणि जो तो ‘बोवीसारखा’ चाकू मागू लागला. १८३६ मध्ये बोवी टेक्सासमधल्या अलामोच्या लढाईत मारला गेला. मग काय, दंतकथाच.

पण त्याचा भाऊ रेझिन याने पुढे लिहिलं की मूळ सुरा सरळ, एकधारी, सव्वानऊ इंच पात्याचा होता. म्हणजे जवळपास खाटकाचा सुराच. टोकाशी बाक घेतलेलं ते प्रसिद्ध पातं नंतरचं. आणि बाजारातला बराचसा माल यायचा कुठून? इंग्लंडातल्या शेफील्डहून! तिथल्या वोस्टनहोमच्या कारखान्याचं नावच वॉशिंग्टन वर्क्स. पात्यांवर अमेरिकन अभिमानाच्या घोषणा उठवायच्या आणि माल बोटीवर चढवायचा. धंदा म्हणतात तो असा.

दुसऱ्या महायुद्धातला मरीन सैनिकांचा का-बारही दावेदार आहे, पण तो फौजेचा.

बक ११० आला १९६४ मध्ये, शिकाऱ्यांसाठी. मिटणारा, पण उघडला की पातं पक्कं अडकतं, जोर लावताना बोटांवर मिटत नाही. पावणेचार इंची पातं, मुठीला लाकूड आणि दोन्ही टोकांना पितळ. आमच्या शेजारच्या निवृत्त सुतारआजोबांच्या पट्ट्याला तो कायम असतो. पितळ काळवंडलंय, लाकूड हाताच्या घामाने गुळगुळीत झालंय. खोकं फोडायचं, दोरी कापायची, की आजोबांचा हात कमरेला. ‘खट्’ आवाज झाला की मला आपला रामपुरी आठवतो, आणि त्याच पात्याने ते नातीला सफरचंदाच्या फोडी करून देत असतात.

त्यांचं बघून मीही घेतला. वजन साधारण दोनशे ग्रॅम. खिशात ठेवला तर पँट खाली ओढतो, म्हणून कातडी म्यान लागतंच. (घ्यायचा असेल तर आधी तुमच्या राज्याचा कायदा बघा. आणि विमानात हातातल्या बॅगेत विसरू नका. माझा पहिला तसाच गेला.)

आई इथे अमेरिकेत आली होती तेव्हा तिने एकदा भाजीला घेतला. दुधी झाला चिरून, पण मिटेना. पाठीवरची पट्टी दाबायची असते, हे तिला कोण सांगणार? मला हाक मारून म्हणाली, “हा बंद कर आधी, आणि माझी विळी दे.”