जुलैत केपटाउन: आधी फॉर्म, मग बॅग

(केपटाउन विद्यापीठात एका सत्रासाठी जाण्याबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहोत.)

मुलगी अर्थशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जुलै ते नोव्हेंबर ती केपटाउनला शिकणार आहे. एजंट म्हणतो, पर्यटक व्हिसावर जाऊ द्या, तिकडे बदलून मिळतो. ऐकावे का?
— एक पालक, सांगली

मुळीच ऐकू नका. पर्यटक व्हिसावर आत जाऊन तिथल्या तिथे विद्यार्थी व्हिसा करून घेण्याची वाट दक्षिण आफ्रिकेने २०१४ पासून जवळजवळ बंद केली आहे. सत्र ९० दिवसांहून लांब असते, त्यामुळे विद्यार्थी व्हिसा भारतातूनच घेऊन निघायचे. अर्ज व्हीएफएसच्या (व्हिसाचे अर्ज स्वीकारणारी कंपनी) केंद्रात द्यावा लागतो. निकालाला आठ आठवडे लागतील असे धरून चाला, म्हणजे जुलैच्या उत्तरार्धातल्या वर्गांसाठी फाइल एप्रिलअखेर किंवा फार तर मेच्या पहिल्या आठवड्यात जमा व्हायला हवी. पोलीस दाखल्याचा अर्ज पासपोर्ट सेवा केंद्राकडे मार्चमध्येच करून टाका. कॉलेजसाठी मुलगी दुसऱ्या शहरात राहत असेल तर पत्त्याच्या चौकशीत आठवडे जातात.

फाइल अडते ती बहुधा दोन ठिकाणी. पहिले म्हणजे वैद्यकीय फॉर्म. तपासणीचा फॉर्म ८११, आणि केंद्राने मागितला तर छातीच्या एक्स-रेचा ८०६. हॉस्पिटल आपल्या लेटरहेडवर छान टाइप केलेला अहवाल देते आणि आपण तोच जोडतो, पण तो चालत नाही. कोरे फॉर्म छापून सोबत न्या, त्यांच्यावरच सही आणि शिक्का घ्या. तारीख सहा महिन्यांच्या आतली हवी.

दुसरी अडचण खास आपल्याकडची, वडिलांच्या नावाची. पासपोर्टवर मुलीच्या नावापुढे वडिलांचे नाव छापलेले असते आणि विद्यापीठाच्या प्रवेशाच्या पत्रावर नुसते नाव-आडनाव येते. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत पाठवा आणि अक्षर न् अक्षर तसेच नाव, शिवाय पासपोर्ट क्रमांक घातलेले पत्र नव्याने मागवा. ते सहसा लगेच देतात, फक्त मागावे लागते. पासपोर्टची मुदत परतीनंतर किमान ३० दिवस उरलेली असावी आणि दोन पाने कोरी असावीत. पैशांचा पुरावा तुमच्या खात्याचा असेल तर खर्च उचलण्याचे प्रतिज्ञापत्रही जोडा. अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकरकमी मोठा भरणा करू नका. तो पहिल्या नजरेत दिसतो.

इथल्या कंपनीचा ५०,००० डॉलरचा प्रवास विमा काढला आहे. तरी विद्यापीठ म्हणते की वेगळे ‘मेडिकल कव्हर’ घ्या. एकाच गोष्टीचे पैसे दोनदा का भरायचे?
— विद्यार्थी, नाशिक

कारण ती एकच गोष्ट नाही. विद्यार्थी व्हिसाला दक्षिण आफ्रिकेच्या कायद्याखाली नोंदलेल्या ‘मेडिकल स्कीम’चे सभासदत्व लागते. भारतीय विमा कितीही रकमेचा असला तरी त्या जागी धरला जात नाही. कोणती स्कीम घ्यायची हे एजंटाला न विचारता विद्यापीठाला विचारा. परदेशी विद्यार्थ्यांसाठी कोणत्या योजना चालतात ते त्यांच्याकडे लिहिलेले असते. वर्गणी आगाऊ भरावी लागते आणि तिचा कालावधी तुमच्या पूर्ण मुक्कामाला पुरायला हवा. व्हिसा नाकारला गेला तर पैसे परत मिळतात का, हे भरण्याआधी ईमेलवर लेखी घ्या.

प्रवास विमाही रद्द करू नका. हरवलेली बॅग किंवा चुकलेले विमान स्कीमच्या कक्षेत येत नाही. छोटी पॉलिसी पुरे.

विषय कसे निवडावेत? परतल्यावर इथे क्रेडिट धरले जाईल ना?
— विद्यार्थिनी, पुणे

केपटाउनच्या विषय-संकेतांकाचे शेवटचे अक्षर आधी पाहा. ‘एफ’ म्हणजे पहिले सत्र, ‘एस’ म्हणजे दुसरे, ‘डब्ल्यू’ म्हणजे पूर्ण वर्ष. जुलैत जाणाऱ्यांनी फक्त ‘एस’वाले विषय घ्यावेत. नुसते शीर्षक आवडले म्हणून ‘एफ’चा विषय यादीत घातला तर तो विषय फेब्रुवारीतच सुरू होऊन गेलेला असतो. बहुतेक विषयांना पूर्वअट असते, तेव्हा आपला अभ्यासक्रम इंग्रजीत, सत्रवार सोबत ठेवा.

आता हिशोब. तिकडचे एक क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे १० तास, आपल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात ३० तास. म्हणजे तिकडचे १८ क्रेडिटचे दोन आणि २४ चा एक, असे तीन विषय घेतले की ६० क्रेडिट होतात आणि इथली २० भरतात. तीनच विषय बघून घरचे ‘एवढेच?’ म्हणतील, पण हा तिथला पूर्ण भार आहे. अर्थात हे गणित आपल्या विद्यापीठाने मान्य करायला हवे. निघण्यापूर्वी विभागप्रमुखांच्या सहीचे पत्र घ्या आणि त्यात विषयांचे संकेतांक लिहून घ्या. पर्यायी दोन विषयही त्यातच मंजूर करून ठेवा, कारण वेळापत्रकात टक्कर हमखास होते.

आणखी एक. ‘डीपी’ हा शब्द कानावर पडेल. ट्यूटोरियलची हजेरी आणि सत्रातले लेखी काम पुरे केल्याशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत, त्या पात्रतेचे हे नाव. शेवटच्या महिन्यात रट्टा मारून निभावण्याची सवय असेल तर ती इथेच ठेवून जा. उत्तीर्ण व्हायला ५० टक्के लागतात आणि ७५ पासून पुढे प्रथम श्रेणी. तिकडचे ६८ इकडच्या ६८ सारखे समजू नयेत, ते चांगले गुण आहेत.

तिकीट अदिस अबाबामार्गे स्वस्त मिळते. पीतज्वराची लस घ्यावी लागेल का?
— वाचक, ठाणे

दक्षिण आफ्रिकेत पीतज्वर नाही, पण इथिओपिया (अदिस अबाबा तिथलेच) आणि केनिया पीतज्वराच्या देशांच्या यादीत आहेत. तिथल्या विमानतळावर १२ तासांहून अधिक थांबलात तर दक्षिण आफ्रिका दाखला मागते. थांबा कमी असला तरी विमान चुकले की १२ तास सहज उलटतात. परतीचा नियम आणखी कडक. पीतज्वराच्या देशातून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलेल्याकडे दाखला नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. त्या मार्गाने जायचे असेल तर लस घ्याच. ती ठरावीक मान्यताप्राप्त केंद्रांवरच मिळते, टोचल्यानंतर १० दिवसांनी दाखला लागू होतो आणि आता तो आयुष्यभर चालतो. अंड्याची ॲलर्जी असल्यास आधी डॉक्टरांना सांगा. दुबई किंवा दोहामार्गे जाणाऱ्यांना ही कटकट नाही.

केपटाउनमध्ये मलेरिया नाही. सुटीत क्रूगर अभयारण्याकडे जाणार असाल तर मात्र गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा.

सामानात काय न्यावे? डाळ-मसाले मिळतात का?
— विद्यार्थी, रत्नागिरी

मिळतात, आणि तुम्हाला एक गंमत सांगतो: केपटाउनमध्ये ‘कोकनी’ म्हणवणारा मुस्लिम समाज आहे, त्यांचे पूर्वज तुमच्याच रत्नागिरीकडचे. रायलँड्स-गेट्सव्हिल भागातल्या दुकानांत डाळी मिळतात, बो-कापमध्ये वेल स्ट्रीटवर मसाल्यांचे जुने दुकान आहे. कोथिंबिरीच्या जुडीवर ‘धनिया’ असेच छापलेले असते. पोळीसाठी ‘केक फ्लोअर’ उचलू नका, तो मैदा असतो. ‘ब्राउन ब्रेड फ्लोअर’ घ्या. बियाणे, ताजी फळे, मध, तूप इथून नेऊ नका. विमानतळावर काढून घेतात. मेतकूट, गोडा मसाला बंद पाकिटात न्या.

विजेचा दाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट. आपल्या गिझरचा जाड तीन पिनांचा १६ अँपिअरचा प्लग तिकडच्या जुन्या सॉकेटमध्ये बसतो, पण लॅपटॉपचा ६ अँपिअरचा बसत नाही. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून १६ ते ६ चे दोन कन्व्हर्जन प्लग घेऊन जा. त्यावर १५०० वॉटची किटली लावू नका. ती साडेसहा अँपिअर खेचते, प्लग तापून वितळतो. लोडशेडिंग पुन्हा सुरू झाले तर वेळा ‘एस्कॉमसेपुश’ ॲपवर दिसतात.

कपड्यांत चूक होते ती ‘आफ्रिका म्हणजे ऊन’ या समजुतीने. जुलै तिथला ऐन हिवाळा, त्यात पाऊस. रात्री पारा सात अंशांच्या आसपास उतरतो आणि घरांत हीटिंग नसते, त्यामुळे बाहेरपेक्षा खोलीत जास्त कुडकुडायला होते. थर्मल दोन जोड आणि टोपीवाले वॉटरप्रूफ जाकीट न्या. छत्री वाऱ्यात उलटी होते.

सिम आणि सुरक्षिततेबद्दल थोडक्यात सांगाल?
— पालक, पणजी

सिम नोंदवायला पासपोर्टबरोबर राहण्याचा पुरावाही मागतात. वसतिगृहाचे पत्र छापून हातसामानात ठेवा. अंधार पडल्यावर दोन चौक जायचे असले तरी पायी जाऊ नये, ॲपची टॅक्सी घ्यावी आणि बसण्याआधी गाडीचा नंबर पडताळावा. रस्त्यावर फोन हातात धरून नकाशा बघत चालणे टाळावे. एटीएमपाशी कोणी मदतीला आले तर कार्ड काढून निघून यावे. पोलीस १०१११, रुग्णवाहिका १०१७७, मोबाइलवरून ११२. तिथली वेळ आपल्यामागे साडेतीन तास असते. मुलीने रात्री साडेनऊला फोन केला तर तुमच्याकडे एक वाजलेला असेल, तेव्हा दचकू नका.