तिची वही तिला परत द्या

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, पहिल्या वर्षी फिजिक्सला ९१, बायोलॉजीला ६४. तिला 'एनएमआरवरचे क्वांटमचे प्रयोग' करायचे आहेत. एनएमआर म्हणजे न्यूक्लियर मॅग्नेटिक रेझोनन्स, चुंबकात ठेवलेल्या पदार्थातली अणूंची केंद्रकं रेडिओ लहरींनी तपासायचं तंत्र. वडिलांना मात्र नीट हवी. 'प्रोटॉन एक फेरी फिरला तरी मूळ स्थितीत येत नाही, दोन लागतात, असलं काहीबाही लिहीत बसते, म्हणून वही काढून घेतली. शिवाय न्यूक्लियर म्हणजे कैगाच्या अणुवीज केंद्रासारखं रेडिएशन, उद्या लग्नाला अडचण.'

साहेब, ते काहीबाही नाही. प्रोटॉन म्हणजे हायड्रोजनचं केंद्रक. अशा केंद्रकाचा स्पिन, म्हणजे त्याचा फिरकीसारखा अंगभूत गुण, ३६० अंश फिरवला की त्याच्या अवस्थेचं गणितातलं चिन्ह उलटतं, अधिकचं उणे होतं. ७२० अंशांनी ते जागेवर येतं. एरवी हा फरक दिसतच नाही. न फिरवलेल्या अवस्थेशी इंटरफिअरन्स घडवला, म्हणजे दोन्ही अवस्था एकमेकींत मिसळल्या, तरच दिसतो, आणि १९७७ मध्ये एनएमआरनेच तो दाखवला गेला. कुणी न सांगता मुलगी इथवर पोचली आणि तुम्ही वही काढून घेतलीत, याचं मला फार वाईट वाटलं. पीयूसीची परीक्षा अजून व्हायची आहे, तोवर नीटच्या लाँग टर्मची, म्हणजे पुन्हा परीक्षा देणाऱ्यांच्या वर्षभराच्या क्लासची, फीसुद्धा भरलीत. म्हणजे पहिल्या खेपेला तिला जमणार नाही, हे तुम्हीच ठरवून टाकलंत. आणि एवढ्या लांबलचक पत्रात ती स्वतः काय म्हणते, याचं एक वाक्य नाही.

रेडिएशनची भीती मात्र काढून टाका. कैगात युरेनियमचं केंद्रक फुटतं. इथे काहीच फुटत नाही. पाच मिलिमीटरच्या काचेच्या नळीत थोडं द्रव घेऊन ती जबरदस्त चुंबकात सोडतात आणि रेडिओ लहरींनी स्पिन वळवतात. ११.७ टेस्लाच्या चुंबकात हायड्रोजनसाठी ५०० मेगाहर्ट्झ लागतात, एफएम रेडिओच्या साधारण पाचपट. दवाखान्यातला एमआरआय याच तत्त्वावर चालतो.

वाट सरळ आहे: आयएटी ही प्रवेश परीक्षा देऊन आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था, नाहीतर बेळगावात बीएस्सी करून जॅम, म्हणजे एमएस्सीची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा. आयसर केंद्राची संस्था, तिथे कर्नाटक-महाराष्ट्र आडवं येत नाही. पुण्याच्या आयसरमध्ये एनएमआरवर नेमकं हेच काम चालतं. पीएचडी धरून दहाएक वर्षं जातील, हे तिलाही स्पष्ट सांगा. डॉक्टरकीइतका पैसा बहुधा मिळणार नाही. पण बायोलॉजीत ६४ घेणाऱ्या मुलीला नीटला जुंपून तोही मिळेल असं मला वाटत नाही.

आयएटीचा अर्ज तिला भरू द्या. लाँग टर्मची फी परत मिळते का, ते याच आठवड्यात विचारून घ्या.