न उघडलेला डबा

साठीच्या आसपासच्या स्त्रियांकडून एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्यासमोर वारंवार येतो. घरात आता गोड कोणी खात नाही, सगळे विकत मिळते, मुले ‘कशाला उगाच राबतेस’ म्हणतात. तरीही चार जिन्नस करावेत आणि वाटावेत असे वाटते, आणि वाटल्यावर कोणी काही बोलले नाही की मन खट्टू होते. मग हे मी त्यांच्यासाठी करते की स्वतःच्या कौतुकासाठी? या प्रश्नाला मी पूर्वी जे उत्तर देत असे ते आता देत नाही, आणि याला कारण झाल्या एका फेब्रुवारीत माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एक काकू. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि दोन-तीन जणींचे अनुभवही त्यात मिसळले आहेत.

काकू ६३ वर्षांच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. यजमानांना १२ वर्षांपासून मधुमेह, मुलगा आणि सून हिंजवडीजवळ राहणारे. पहिल्या भेटीत त्या फक्त झोपेबद्दल बोलल्या. पहाटे तीनला जाग येते, भजनी मंडळात जावेसे वाटत नाही, भिशीलाही दोन महिने गेल्या नाहीत. नैराश्य तपासण्यासाठी आम्ही नऊ प्रश्नांची एक चाचणी वापरतो. तिच्यात त्यांना २७ पैकी १३ गुण पडले, म्हणजे मध्यम नैराश्य. जीव नकोसा होतो का, हे मी स्पष्ट शब्दांत विचारले. तसे काही नव्हते. थायरॉइड आणि बी-१२ यांच्या तपासण्या त्यांच्या डॉक्टरांनी आधीच करून घेतल्या होत्या.

दुसऱ्या भेटीत, जायला उठता उठता, त्या डब्याविषयी बोलल्या. दिवाळीत त्यांनी मुलाकडे बेसनाचे लाडू आणि नानकटाईचा डबा पाठवला होता. संक्रांतीला तिळगूळ घेऊन त्या तिकडे गेल्या, चहाची पावडर शोधायला वरचे कपाट उघडले, तर डबा तिथेच होता आणि झाकणावर त्यांनीच लावलेली चिकटपट्टी जशीच्या तशी होती. त्यांनी ती हळूच सोडवून पाहिली; लाडवांना खवट वास येत होता. पट्टी परत लावून त्या बाहेर आल्या आणि तिळगूळ वाटला. त्या दिवसापासून घरातला ओव्हन लागला नव्हता.

“आवडला नसता तर चाललं असतं हो,” त्या म्हणाल्या. “उघडलाच नव्हता.”

इथे मी चूक केली. हल्ली आमच्या क्षेत्रात आणि त्याच्या बाहेरही जो सल्ला सर्रास दिला जातो तोच मी त्यांना दिला: दुसऱ्यांसाठी पुष्कळ केलेत, आता स्वतःसाठी करा. काकू शिस्तीच्या, त्यांनी खरोखर एका रविवारी स्वतःसाठी नानकटाई केली. पुढच्या भेटीत मला त्याचा हिशेब मिळाला. “दोन खाल्ल्या. उरलेल्या बघून जास्तच रडू आलं. मला भूक लागली नव्हती हो.”

त्या एका वाक्याने मला जे शिकवले ते कोणत्याही प्रशिक्षणात मिळाले नव्हते. काही पदार्थ मुळातच घराबाहेर जाण्यासाठी केले जातात, आणि ते करणाऱ्याला ‘स्वतःसाठी करा’ म्हणणे म्हणजे पत्र लिहिणाऱ्याला ‘लिहा आणि स्वतःच वाचा’ म्हणण्यासारखे आहे. मग मी सल्ला देणे थांबवले आणि नानकटाई त्या कोणाकडून शिकल्या, एवढेच विचारले.

काकूंचे लहानपण साताऱ्याचे. तेव्हा घरोघरी ओव्हन नव्हते. दिवाळीच्या आधी आई पातेल्यात पीठ मळून घ्यायची आणि मुली ते घेऊन पेठेतल्या बेकरीत जायच्या. तिथले काळे पत्रे मिळवायचे, ओट्याच्या कडेला बसून गोळे थापायचे, प्रत्येकावर चारोळी दाबायची, पत्र्यावर नावाची चिठ्ठी ठेवायची आणि आपला नंबर भट्टीत जाईपर्यंत थांबायचे. शेजारणीचे पीठ सैल झाले तर आपल्यातला मूठभर मैदा द्यायचा. संध्याकाळी गरम डबे घेऊन परतताना वाटेतच पाच-सहा नानकटाया कमी व्हायच्या आणि आईला ते ठाऊक असे. नानकटाई तशी मुळातच भट्टीची. तिचा जन्म सुरतेतल्या डचांच्या बेकरीशी आणि ती पुढे चालवणाऱ्या पारशी घराण्याशी जोडला जातो. चुलीवरच्या लाडवांसारखी ती एकटीने कोपऱ्यात बसून करण्याची वस्तू आमच्याकडे बरीच वर्षे नव्हती.

हे सांगताना त्यांचा आवाज बदलला होता. मी वासाबद्दल विचारले, तेव्हा त्यांनी डोळेच मिटले. बाकीच्या संवेदना मेंदूत थॅलॅमस नावाच्या ठाण्यावरून पुढे जातात. वासाचा संदेश मात्र ते ठाणे टाळून भावना आणि स्मृती यांच्याशी निगडित असलेल्या भागांपर्यंत पोचतो. वेलदोडा आणि भाजत आलेले तूप यांच्या वासाने ५५ वर्षे मागे जाता येते ते यामुळे, आणि म्हणूनच त्या घरात संक्रांतीनंतर ओव्हन बंद पडून राहणे ही मला किरकोळ गोष्ट वाटली नाही.

नैराश्यावरच्या उपचारांत एक साधी पद्धत आहे. मन लागेल तेव्हा करू, असे म्हणत थांबायचे नाही. आधी लहानशी कृती करायची, मन मागून येते. १९९६ मध्ये मानसशास्त्रज्ञ नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले होते की विचार बदलण्याच्या संपूर्ण उपचाराइतकाच गुण त्यातल्या केवळ या कृतीच्या भागानेही येतो. मी काकूंना एक वही दिली आणि काम ठरवून दिले. शंभर नव्हे, फक्त १६ नानकटाया: अर्धी वाटी तूप, तेवढीच पिठीसाखर, वाटीभर मैदा, दोन चमचे बेसन. त्या चार ठिकाणी द्यायच्या. प्रत्येक टप्प्यावर किती बरे वाटले, याचे दहापैकी गुण त्याच वेळी लिहायचे. अट एकच: “कशी झाली?” असे कोणालाही विचारायचे नाही. ही अट ऐकून त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

दोन आठवड्यांनी वही आली. तूप हाताने फेसून पांढरे आणि हलके होईपर्यंत: ७. भाजताना वास सुटला तेव्हा: ९. कोणाला किती द्यायच्या हे ठरवताना: ८. तीन घरी डबी देऊन परत आल्यावर, त्यांचा फोन येतो का याची वाट पाहताना: २. सोसायटीच्या वॉचमनला दिल्या तेव्हा: १०.

या शेवटच्या दोन आकड्यांवर आमची अख्खी एक भेट गेली. वॉचमनने काय केले होते? चवीबद्दल तो अवाक्षर बोलला नव्हता. त्याने उभ्या उभ्या एक खाल्ली, दुसरी कागदात गुंडाळून “ही पोरीला” म्हणून खिशात ठेवली, आणि गावाकडच्या बेकरीची काहीतरी आठवण सांगितली. म्हणजे दहा गुण मिळाले तिथे कौतुक नव्हतेच. काकू बराच वेळ वहीकडे पाहत होत्या, आणि मग बँकेत ३४ वर्षे काढलेल्या बाईला सुचावा तसा शब्द त्यांना सुचला. “मला कौतुक नको होतं. पोच हवी होती.”

पूर्वी ही पोच आपोआप मिळत असे. शेजाऱ्याकडून आलेला डबा रिकामा परत करायचा नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर घालायची, हा आपल्याकडचा रिवाज. माझ्या मते त्यात सौजन्यापेक्षा हिशेबाचे शहाणपण अधिक आहे. तुमची वस्तू पोचली, खाल्ली गेली, आपली दोन्ही घरे अजून एकमेकांना ओळखतात, एवढे सगळे तो डबा न बोलता सांगत असे. फेकून देता येणाऱ्या प्लास्टिकच्या डब्या आल्या आणि सोय झाली खरी, पण त्यांच्यासोबत उलट टपालही बंद झाले. देणाऱ्याच्या आनंदावर जे संशोधन झाले आहे तेही याच दिशेने बोट दाखवते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कॅनेडियन अभ्यासात लोकांना थोडे पैसे देऊन काहींना ते स्वतःवर आणि काहींना दुसऱ्यांवर खर्च करायला सांगितले होते. संध्याकाळी दुसऱ्यांवर खर्च करणारे अधिक आनंदी होते, आणि रक्कम पाच डॉलर होती की वीस, याने फरक पडला नव्हता. याच मंडळींपैकी काहींनी पुढे दाखवले की आपल्या देण्याने कोणाचे काय भले झाले हे जिथे कळते, तिथे हा आनंद वाढतो. तेव्हा प्रतिसादाची ओढ असणे हा स्वार्थ नव्हे. मात्र प्रतिसाद आणि परीक्षेचा निकाल या दोन गोष्टींची आपण गल्लत करतो, आणि “कशी झाली?” विचारून समोरच्याला परीक्षक करून टाकतो.

पुढच्या भेटीला सून स्वतःहून आली. डब्याबद्दल तिला ठाऊक होते. पट्टी वाकडी लागली होती. तिने गेल्या वर्षभरात प्रयत्नपूर्वक साखर कमी केली होती. “आई, तो उघडला असता तर मी एका रात्रीत संपवला असता, म्हणून वर ठेवला. आणि तुमच्या हातचं टाकवतही नव्हतं.” काकू काही बोलल्या नाहीत. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, “मग नको म्हणायचंस.” “तुम्हाला वाईट वाटलं असतं.” “आता काय झालं?” यावर दोघीही हसल्या, आणि खरे सांगायचे तर मीही हसले. ‘नको’ हा शब्द घरात वेळेवर न उच्चारल्याने किती डबे खवट होतात, याची मोजदाद कोणी करत नाही. त्या दिवशी ठरले ते इतकेच: सुनेने आकडा सांगायचा, ‘चार लाडू’ म्हणजे चारच, आणि डबा आठ दिवसांत परत यायचा.

यजमानांचा प्रश्न वेगळा होता. प्रेमापोटी काकू त्यांना रोज ‘एकच’ द्यायच्या, आणि अलीकडे गुळाचे केले म्हणजे चालते अशी समजूत करून घेतली होती. गुळानेही रक्तातली साखर वाढतेच, हे त्यांना डॉक्टरांनी सांगितले तेव्हा पटले. आता काका चिठ्ठ्या लिहितात आणि डबे पोचवून येतात. त्यांना तेवढाच फेरफटका होतो.

हे वाचून कोणी लगेच मैदा चाळायला घेऊ नये, म्हणून एक गोष्ट सांगणे भाग आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच गोडी वाटत नसेल, आवडता वासही निर्जीव वाटत असेल, झोप आणि भूक उडाली असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. मरणाचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नये. सरकारची टेलिमानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे. काकूंचे नैराश्य मध्यम होते आणि त्यांच्या घरात बोलणारी माणसे होती, म्हणून नानकटाई पुरली.

आठव्या भेटीत त्यांचे गुण १३ वरून ५ वर आले होते आणि भजनी मंडळ पुन्हा सुरू झाले होते. निघताना त्यांनी पिशवीतून स्टीलचा एक लहान डबा काढून माझ्या टेबलावर ठेवला. समुपदेशकाने भेटवस्तू घ्याव्यात की नाही यावर आमच्यात बरीच चर्चा होते. मी आठ नानकटाया घेतल्या आणि त्या दिवशीच्या सहकाऱ्यांसह संपवल्या. डबा घासून कपाटात ठेवला आणि कामाच्या गडबडीत विसरून गेले.

दहाव्या दिवशी काकूंचा संदेश आला: “डबा कधी परत करताय?”