शेल्टरमधली दोन वर्षांची कुत्री पर्वरीच्या फ्लॅटमध्ये कशी रुळवायची?

तुमच्या प्रश्नातनं मला कळलं ते असं: गोव्यात पर्वरीला दुसऱ्या मजल्यावर टू बीएचके, नवराबायको दोघं नोकरीला, दिवसभर घरी फक्त सासूबाई आणि त्यांना कुत्र्यांची भीती, घरात आधी कधी कुत्रं नव्हतं, आणि मुलांना कुत्री चतुर्थीच्या आधी घरी हवीय. बाकी सगळं जमण्यासारखं आहे, हे शेवटचं सोडून. चतुर्थीच्या आधी नका आणू. तुम्ही पण गावच्या मूळ घरी जात असालच ना, म्हणजे बिचारीला अजून तुमचा फ्लॅट कळला नाही तोवर दुसरं अनोळखी घर, तिथे वीस-पंचवीस माणसं, घुमट वाजवत आरत्या, फटाके, दिवसभर सताड उघडं दार. नवीन कुत्रं पळून जायला एवढं पुरेसं आहे. शेल्टरला सरळ सांगा की विसर्जनानंतर नेतो, बहुतेक ठिकाणी ठेवतात, उलट त्यांना बरं वाटतं की माणसं विचार करून घेतायत. तोपर्यंत मुलांना घेऊन रविवारी तिला भेटायला जा, तिला फिरवा, तिला तुमचा वास ओळखीचा होऊ दे. चतुर्थी ते नरकासुराची रात्र (दिवाळीच्या आदल्या रात्रीचा तो गोंगाट) मधे जवळजवळ दोन महिने मिळतात, तेवढ्यात ती बऱ्यापैकी रुळते.

दोन वर्षांची घेताय हे मात्र फार चांगलं करताय. लोक गोंडस म्हणून पिल्लू उचलतात आणि मग पार्वो (पिल्लांचा जीवघेणा रोग), कुरतडलेल्या चपला, रात्रीचं रडणं, दर तासाला शू. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव समोर दिसतो आणि आसगावच्या इंटरनॅशनल अ‍ॅनिमल रेस्क्यूसारख्या किंवा शिवोलीच्या वॅगसारख्या ठिकाणी तिला रोज सांभाळणारी माणसं असतात, त्यांना विचारा: माणसांजवळ स्वतःहून येते का, जेवताना कुणी जवळ गेलं तर गुरगुरते का, मुलं चालतात का, कशाला घाबरते. हे शेवटचं नक्की विचारा. आमची कुत्री केरसुणीला घाबरायची आणि हेल्मेट घातलेल्या पुरुषांना, आधी माहीत होतं म्हणून नवरा हेल्मेट जिन्याखालीच काढून वर यायचा.

आता घरी आणल्यावर काय करायचं, तर खरं म्हणजे फारसं काही करायचं नाही, हेच माझं मुख्य म्हणणं आहे. आपल्याकडे पाहुणा आला की त्याला चहा, पाणी, खायला, गप्पा, एक मिनिट एकटं सोडत नाहीत, कुत्र्याचंही तसंच करतात. पहिल्याच संध्याकाळी शेजारपाजारचे बघायला येतात, मुलं मिठ्या मारतात, कुणीतरी अंघोळच घालतं. अंघोळ तर आठवडाभर नकोच, वास आला तरी चालेल. गाडीतून उतरल्यावर आधी खाली शू करू दे, मग वर आणा, पट्टा लावलेलाच ठेवून एकदा घर फिरवा, आणि एका कोपऱ्यात गोधडी आणि पाणी ठेवलेलं असेल तिथे सोडून तुम्ही तुमच्या कामाला लागा. टीव्ही नेहमीच्या आवाजात चालू दे. ती पलंगाखाली गेली तर जाऊ दे, ओढून काढायचं नाही, वाकून बघायचंही नाही. पहिले एक-दोन दिवस काही कुत्री जेवतच नाहीत, काही दिवसभर झोपतात, पाणी पीत असेल तर घाबरू नका. जवळ आली की डोक्यावरनं हात फिरवायचा नाही, बाजूला खाली बसून छातीपाशी किंवा मानेला खाजवायचं, तेही ती आली तरच. मुलांना हे सांगून ठेवा, नाहीतर कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा, मुलं मोठ्यांपेक्षा जास्त पाळतात.

ती गुरगुरली तर ओरडू नका. गुरगुरणं म्हणजे ती सांगतेय की जरा लांब राहा, ते दाबून टाकलं तर पुढच्या वेळी न सांगता चावते. लांब व्हायचं आणि कशामुळे गुरगुरली ते बघायचं, बस्स.

रात्री बाल्कनीत बांधू नका. लोक करतात असं, म्हणतात सवय होईल, कसली डोंबलाची सवय, ती रात्रभर भुंकते आणि सकाळी सोसायटीचा सेक्रेटरी दारात. तुमचा श्वास ऐकू येईल इतक्या अंतरावर गोधडी घाला, बेडरूमच्या दाराबाहेर चालेल. सेक्रेटरीवरून आठवलं, सोसायटीला कुत्रं पाळायला बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरू नका असंही सांगता येत नाही, अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना आहेत त्यावर. पण प्रिंटआऊट घेऊन भांडायला जायच्या आधी शेजाऱ्यांना नुसतं सांगून ठेवा की पहिले काही दिवस रात्री आवाज येईल, सांभाळून घ्या. त्याने जास्त काम होतं.

सासूबाईंबद्दल. इंटरनेटवर सगळे लिहितात की आधी घाबरायच्या आणि आता त्याच मांडीवर घेऊन बसतात. होत असेल. आमच्याकडे नाही झालं. आमच्या सासूबाई आजही हात लावत नाहीत, देवघर आणि स्वयंपाकघर तिला बंद, अंगणातल्या तुळशीपाशी फिरकायचं नाही, आणि घर अगदी छान चाललंय. सीमा पहिल्या दिवसापासून ठरवायची आणि सगळ्यांनी तीच पाळायची एवढंच, एकाने आत घ्यायचं आणि दुसऱ्याने हाकलायचं असं झालं तर कुत्र्याचा गोंधळ होतो. स्वयंपाकघराच्या दाराला लहान मुलांसाठी लावतात तसलं फाटक लावा, सासूबाईंना आत निर्धास्त वाटेल, आणि भीती असलेल्या माणसाला अशी एक जागा लागतेच. त्यांना कुत्रीशी मैत्री करायला सांगू नका, लाड करायला तर नाहीच, फक्त तिच्याकडे टक लावून बघायचं नाही, घाबरून किंचाळायचं-पळायचं नाही. भीतीचं कारण रेबीज असेल तर सांगा त्यांना, मिशन रेबीज या संस्थेचं काम 2014 पासून गोव्यात चालूय, जाळं घेऊन रस्त्यावरच्या कुत्र्यांना लस देतात आणि 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. तुमच्या कुत्रीचं लसीचं कार्ड शेल्टरमधून मागून घ्या आणि त्यांना दाखवा. कानाला छोटा काप असेल तर नसबंदीची खूण आहे ती, जखम नाही, हेही सांगा नाहीतर त्या हळद लावायला बघतील. तरी कुठल्याही कुत्र्याने कधी ओरबाडलं-चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात इंजेक्शनला जायचं, हळद-चुना काही नाही.

दिवसभर त्या दोघीच घरी असणार म्हणजे एकटेपणाचा प्रश्न निम्मा सुटला, पण पूर्ण नाही, कारण सासूबाई खोलीत दार लावून बसणार. तुम्ही आठवडाभर सुट्टी काढून तिच्याशेजारी बसाल आणि सोमवारी एकदम नऊ तास गायब व्हाल तर ती दार कुरतडणारच. शुक्रवारी आणा, आणि शनिवारपासूनच उगाच चप्पल घालून बाहेर जा, जिन्यात थांबा, परत या. मग कचरा टाकून या, मग पाव आणायला जा, मग जरा बाजारात. जाताना टाटा-बायबाय नाही, आल्यावर मिठ्या नाहीत. दुपारी कुणीतरी खाली नेऊन आणणारं लागेल, बिल्डिंगमधला कॉलेजचा मुलगा बघा. पैसे द्या, फुकटचं काम कुणी फार दिवस करत नाही.

शू-शीचं म्हणाल तर शेल्टरच्या कुत्र्याला फरशी आणि जमीन यातला फरक माहीत नसतो. उठल्यावर, जेवल्यावर, झोपायच्या आधी, आणि सुरुवातीला मधे दर दोन-तीन तासांनी खाली न्या, तिथे केली की लगेच खाऊ, घरात केली तर काही न बोलता पुसून टाका. फिनाईल वापरू नका, कुत्री फरशी चाटतात. व्हिनेगर आणि पाणी बरं. पावसात खरी मजा, आमची तर पहिला थेंब नाकावर पडला की चारही पाय रोवून उभी. तुमच्याकडे बिल्डिंगखाली खांबांमधलं स्टिल्ट पार्किंग असेल तर त्याच्या कडेची माती दाखवून ठेवा, जूनपासून तीच कामाला येते.

खाणं शेल्टरमध्ये जे होतं तेच पहिले काही दिवस, मग आठवडा-दहा दिवसांत थोडं थोडं बदला, नाहीतर जुलाब ठरलेले. उकडलेली कोंबडी, अंडं, भात, थोडा भोपळा चालतो, बांगडा उकडून काटे नीट काढून. आपलं हुमण, शाकुती असलं मसाल्याचं कालवण बिलकूल नाही, कांदा-लसूण त्यांना विषारी. शिजवलेली हाडं नाहीत, द्राक्षं-बेदाणे नाहीत, चॉकलेट नाही. आणि श्रावणात घरात नुस्तें (मासे) शिजत नसेल तर कोरडं डॉग फूड आणून ठेवा. नुसत्या दहीभातावर कुत्रं जगतं, पण धड राहत नाही.

आता सगळ्यात जपायची गोष्ट, फिरवणं. नवीन कुत्री हरवतात ती याच काळात. दुचाकीचा हॉर्न वाजतो, किंवा सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंपू (तुम्हाला गोड वाटतो, तिला नाही), ती मागे सरकते आणि गळ्यातला पट्टा डोक्यावरून निघून येतो. म्हणून छातीला हार्नेस आणि गळ्याला पट्टा, दोन्हीला दोरी, आणि पट्ट्यावर तुमचा फोन नंबर पहिल्या दिवसापासून. मुलांच्या हातात दोरी देऊ नका, महिना तरी. आणि खाली बिल्डिंगची कुत्री असणारच, त्यांच्या लेखी ती घुसखोर. त्यांना खायला घालणारं माणूस सोसायटीत कोण आहे ते शोधा आणि त्याच्याबरोबर दोन-तीनदा खाली जा, कुत्री शांत होतात कारण त्यांचं माणूस सोबत असतं. सुरुवातीला ती पेंगत असतात अशा वेळी न्या, म्हणजे भर दुपार सोडून उन्हं चढल्यावर साधारण नऊच्या आसपास, सकाळी लवकर आणि रात्री ती सगळ्यात जास्त जोरात असतात. भुंकत आली तर थांबून दगड उचलायचा नाही, दोरी सैल ठेवून वळायचं आणि चालत राहायचं.

गोचीड रोज बघा, कानाच्या आत, बोटांच्या मधे, काखेत. ती सुस्त झाली, जेवण सोडलं, अंग तापलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या किंवा नाकातून रक्त आलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे नेऊन रक्त तपासा, टिक फीवर म्हणजे गोचिडीचा ताप आपल्याकडे फार आहे आणि लवकर पकडला तर गोळ्यांनी बरा होतो, फक्त कोर्स महिनाभराचा असतो, मधे बरी दिसली म्हणून बंद करायचा नाही. घरातली क्रोसिन किंवा ब्रुफेन चुकूनही देऊ नका.

नाव बदलायचं का असं पण विचारलंय तुम्ही. खुशाल बदला. आमचीचं शेल्टरमधलं नाव पेनेलोपी होतं, कुणा परदेशी व्हॉलंटियरने ठेवलेलं, सासऱ्यांच्या तोंडात काही केल्या बसेना, आता चिंगी आहे. नवीन नाव घेतलं की खाऊ द्यायचा, आठवड्यात मान वळवते.

आणि तीन महिने नीट करूनही नाहीच जमलं, म्हणजे सासूबाई खरंच झोपू शकत नसतील किंवा ती मुलांवर धावत असेल, तर शेल्टरला फोन करा आणि परत नेऊन द्या. त्यांना राग येत नाही, फॉर्ममध्येच बहुतेक लिहिलेलं असतं की परत आमच्याकडेच आणायचं. कुणा ओळखीच्याला परस्पर द्यायची नाही आणि शॅकवाले खायला घालतील म्हणून किनाऱ्यावर तर सोडायचीच नाही, सीझन संपला की तिथे घालायला कुणी नसतं.