अणुकेंद्रांच्या टकरीत कण 'एकत्र वाहतात' म्हणजे काय?

खानापूरहून बी.एस्सी.च्या मुलानं विचारलंय की टकरीतून निघालेले हजारो कण आपापल्या वाटेनं उडायला हवेत, मग 'सामूहिक प्रवाह' कुठून आला?

भाकरीच्या टोपलीत बघ. दोन भाकऱ्या अर्धवट एकमेकींवर ठेवल्या की जिथं दोन्ही आहेत तो भाग लांबट होतो, गोल नाही. प्रचंड वेगातली शिसं किंवा सोन्याची अणुकेंद्रंही आपल्याला अशीच चपटी दिसतात, आणि थोडी बाजूनं आदळली की तापलेला भाग तसाच लांबट बनतो. त्याच्या आखूड बाजूला मधल्यापासून कडेपर्यंत दाब झपकन उतरतो, म्हणून तिकडं ढकल जास्त बसते आणि कणही जास्त निघतात. कण एकमेकांशी भिडलेच नसते तर त्यांना या आकाराचा पत्ता लागला नसता. सगळीकडं सारखेच उडाले असते. डिटेक्टरमध्ये मात्र दिशेनुसार फरक स्पष्ट मोजता येतो. यालाच सामूहिक प्रवाह म्हणतात.

अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत सोन्याच्या अणुकेंद्रांच्या टकरी 2000 साली सुरू झाल्या. त्या तापलेल्या भागात वायू मिळेल असा अनेकांचा होरा होता. 2005 मध्ये जाहीर झालं की क्वार्क-ग्लुऑनांचा (प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या आतल्या सूक्ष्म कणांचा) हा पदार्थ जवळजवळ घर्षणरहित द्रवासारखा वागतो. 2010 पासून युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेत शिशाच्या टकरींतही हेच दिसलं.

खरी गंमत पुढं आहे. त्याच वर्षी सर्नमध्ये नुसत्या प्रोटॉनांच्या टकरीतही, कण खूप निघाले तेव्हा, एकत्र वाहण्याची तशीच खूण सापडली. एवढ्याशा जागेत द्रव कसा बनतो, यावर अजून वाद चालू आहे.