रोजची दहा मिनिटं

किरणोपचारांबद्दलचे प्रश्न पाठवा, असं मागच्या अंकात लिहिलं होतं. आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. नावं अर्थातच दिलेली नाहीत. मी डॉक्टर नाही. डोस किती द्यायचा ते डॉक्टर ठरवतात, तो कोणकोणत्या कोनांतून द्यायचा याचा आराखडा भौतिकतज्ज्ञ करतात, आणि पेशंटला रोज टेबलावर नीट झोपवून मशीन चालवते ती मी, तंत्रज्ञ. हे काम २२ वर्षं करते आहे. औषधांचे प्रश्न तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. टेबलावर काय होतं, ते मी सांगते.

प्रश्न : सासूबाईंना घशाचा कॅन्सर आहे, वय ६८. ३५ वेळा शेक द्यायचे ठरले आहेत. तोंडावर जाळी बसवून टेबलाला अडकवतात आणि सगळे बाहेर निघून जातात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. त्यांना बंद लिफ्टचीही भीती वाटते. रात्र रात्र झोपत नाहीत. आत भाजतं का?

ताई, आधी ‘शेक’ हा शब्द घरात बंद करा. आमच्याकडे येणारे पुष्कळ जण शेक म्हणतात, काही लाइट म्हणतात, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर विस्तव उभा राहतो. मशीनमधून येतात ते क्ष-किरण. छातीचा फोटो काढतात त्याच जातीचे, फक्त कितीतरी पट जोरदार. रोजचा डोस बहुधा २ ग्रे असतो, म्हणजे एक किलो ऊतीमध्ये २ ज्यूल ऊर्जा. एवढ्या ऊर्जेने शरीराचा तो भाग तापतो अंशाच्या दोन हजाराव्या हिश्श्याइतका. ताप मोजायच्या थर्मामीटरला पत्ताही लागणार नाही. किरण चालू असताना दुखत नाही, भाजत नाही. मशीनची घरघर तेवढी ऐकू येते.

मग काम होतं कसं? किरणांमुळे पेशीतल्या डीएनएचे धागे तुटतात. निरोगी पेशी काही तासांत बरीचशी डागडुजी करून घेते. कॅन्सरच्या पेशीला ती तितकीशी जमत नाही, आणि पुढे दुभंगायची वेळ आली की ती मरते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून सासूबाईंचा घसा मात्र दुखेल, तोंड सोलवटेल, चव जाईल, लाळ घट्ट होईल. हे लपवू नका. तोंडाच्या आतलं अस्तर सतत नवं होत असतं, उपचाराच्या काळात ते नवं होणं मंदावतं म्हणून हा त्रास. उपचारांआधी दंतवैद्यांना दाखवलंय ना, तेही बघा. किडका दात काढायचा असेल तर तो सुरुवातीलाच काढून जखम भरू द्यावी लागते, कारण नंतर जबड्याचं हाड लवकर भरून येत नाही.

आता ती जाळी. आम्ही तिला मास्क म्हणतो. भोकाभोकांचा, कडक, पांढरा प्लॅस्टिकचा पत्रा असतो तो. साधारण ७० अंशांच्या पाण्यात टाकला की मिनिटा-दोन मिनिटांत लुळा पडतो. बाहेर काढून पाणी टिपायचं, स्वतःच्या मनगटाला लावून बघायचं, आणि मग दोघींनी दोन्हीकडून धरून चेहऱ्यावर ओढायचा. कोमट ओला टॉवेल तोंडावर ठेवावा तसं वाटतं. मी बोटांनी नाकाच्या कडा, भुवयांखालचा खळगा, हनुवटीची खोबण दाबत जाते आणि सगळा वेळ बोलत राहते. आठ-दहा मिनिटांत तो घट्ट होतो, पेशंटच्या चेहऱ्याचा साचाच तयार होतो. श्वास भोकांतून नेहमीसारखा घेता येतो. एवढा खटाटोप अशासाठी, की रोज मान त्याच जागी, दोन-तीन मिलिमीटरच्या फरकाने, यायला हवी. घशाच्या मागेच मणक्यातला मज्जारज्जू आहे आणि त्याला वाचवायचं आहे.

आम्ही बाहेर जातो हे खरं, पण निघून जात नाही. खोलीत कॅमेरे असतात, आवाज दोन्हीकडून ऐकू येतो. हात वर केला की आम्ही किरण थांबवून आत येतो. दार उघडलं तरी किरण आपोआप बंद होतात. जागा जुळवणं, फोटो घेऊन तपासणं आणि प्रत्यक्ष किरण देणं मिळून बहुतेकांना दहा-पंधरा मिनिटं लागतात. त्यातले किरणांचे क्षण दोन-चार मिनिटांचेच.

सासूबाईंना मास्क बनवायच्या दिवसाआधी एकदा विभागात घेऊन जा. तो पत्रा हातात घेऊ द्या, टेबलावर झोपून बघू द्या. भीतीचं तंत्रज्ञांना आधीच सांगा, हे फार महत्त्वाचं. काही वेळा डोळ्यांपुरती भोकं कापता येतात, आधी घ्यायची सौम्य गोळी डॉक्टर देऊ शकतात. माझ्याकडे एक आजी होत्या. “तू बोलत राहिलीस तर मी पडून राहीन,” म्हणाल्या. मग रोज मी स्पीकरवरून सांगायची : आता मशीन डावीकडे येतंय, आता अर्धं झालं, आता थोडंच राहिलं. सगळे दिवस पूर्ण केले त्यांनी. सासूबाईंनाही असं कुणीतरी मागून घ्या. मागायला संकोच करू नका.

प्रश्न : वडिलांचे जिभेच्या मुळाशी असलेल्या कॅन्सरचे २४ किरणोपचार झाले, ११ बाकी आहेत. तोंड आलंय, गिळवत नाही, वजन सात किलोंनी उतरलं. ते म्हणतात, दहा दिवस थांबू, ताकद आली की उरलेले घेऊ. त्यांचं ऐकावं का?

नाही. हे पत्र वाचून मी तुम्हाला आधी स्वतंत्र उत्तर पाठवलं आहे, पण इतरांसाठी इथेही लिहिते.

किरणोपचारांत डोस रोज थोडा थोडा, हप्त्याहप्त्याने देतात, हा काही मशीनच्या सोयीचा भाग नाही. १८९५ मध्ये राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले आणि पुढच्याच वर्षी ते कॅन्सरवर वापरायचे प्रयत्न सुरू झाले. तेव्हा एकदाच भरपूर द्यायची पद्धत होती. गाठ कमी व्हायची, पण कातडीची चाळण व्हायची. १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये क्लॉडियस रेगो यांनी मेंढ्यांवर प्रयोग केले. नर मेंढ्याला एकाच डोसात निर्बीज करायला जावं तर वरची कातडी निकामी व्हायची. तेच काम काही दिवसांत वाटून केलं तर कातडी टिकायची. वृषणातल्या पेशी गाठीतल्या पेशींसारख्याच भराभर वाढतात, म्हणून हा धडा कॅन्सरला लागू पडला. त्यांचे सहकारी हेन्री कुतार यांनी तो घशाच्या पेशंटवर आणला. आजही आपण त्याच वाटेवर आहोत.

पण या वाटण्याला दुसरी बाजू आहे. मधल्या वेळात निरोगी पेशी सावरतात तशा उरलेल्या कॅन्सरच्या पेशीही डोकं वर काढतात. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये तर तीन-चार आठवड्यांनंतर त्यांची वाढ आणखी वेग घेते. उपचाराचा एकूण काळ एक दिवस लांबला तर गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता ढोबळमानाने एक टक्क्याने उतरते. वडील नेमके त्याच टप्प्यात आहेत. दहा दिवसांचा हिशेब तुम्हीच करा.

सुरुवातीच्या काळात मी दुसऱ्या ठिकाणी काम करायची. एक गृहस्थ २२ दिवस न चुकता आले आणि तेविसाव्या दिवशी आले नाहीत. मी यादीत त्यांच्या नावापुढे रेघ मारली आणि पुढच्याला आत घेतलं. कुणी फोन केला नाही. मीही नाही. बाराव्या दिवशी ते आले, हडकुळे, मास्क गालांवर सैल. गिळता येईना म्हणून घरी बसले होते. नाकातून नळी घालून पोटात अन्न देता येतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. वर्षाच्या आत गाठ परत आली. त्या खंडामुळेच आली असं म्हणता येणार नाही, पण ती रेघ मला अजून दिसते. तेव्हापासून ठरलेल्या वेळेनंतर तासभर वाट बघते आणि स्वतः फोन लावते.

म्हणून वडिलांना थांबवायचं नाही, त्यांचा त्रास थांबवायचा. आजच्या आज विभागात सांगा : दुखणं किती आहे, दिवसभरात पोटात काय गेलं, लघवी किती वेळा झाली. यात जड वेदनाशामक औषधं लागतात आणि ती दिली जातात. ती घेतल्याने सवय लागेल, ही भीती इथे धरू नका. नळीचं विचारा. ती थोड्या आठवड्यांपुरती असते. वजन इतकं उतरल्याने मास्क सैल झाला असेल तर नवा बनवून सीटी आणि आराखडा पुन्हा करावा लागेल. तंबाखू किंवा विडी-सिगारेट चालू असेल तर ती आजच सुटली पाहिजे. रक्तातला ऑक्सिजन कमी पडला की किरणांचा परिणामही कमी होतो. आणि मशीन बिघडून किंवा सुट्टीमुळे दिवस बुडाला, तर तो कसा भरून काढणार हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. शनिवारी बोलावता येतं. एका दिवसात दोनदाही देता येतं, मध्ये किमान सहा तास ठेवून.

प्रश्न : मला स्तनाच्या ऑपरेशननंतर १५ वेळा किरणोपचार सांगितले आहेत. माझ्या जावेला काही वर्षांपूर्वी २५ वेळा दिले होते. मैत्रिणीला तर पाचच दिवस. मला कमी उपचार मिळतायत का?

अजिबात नाही. जावेचे बहुधा ५० ग्रे २५ हप्त्यांत झाले असतील. तुम्हाला ४० ग्रे १५ हप्त्यांत, म्हणजे रोजचा घास थोडा मोठा. बेरीज कमी दिसते, पण मोठ्या घासाचा पेशीवर परिणाम जास्त होतो, त्यामुळे दोन्हींची ताकद जवळपास सारखीच. मोठ्या चाचण्यांत अनेक वर्षं पेशंटवर लक्ष ठेवून हे पडताळलेलं आहे. २०२० मध्ये २६ ग्रे पाच दिवसांत देण्याच्या चाचणीचे पाच वर्षांचे निकाल आले आणि काही बायकांना तेही पुरतं. कुणाला काय, हे ऑपरेशन, काखेतल्या गाठी आणि कुठल्या भागाला किरण द्यायचे यावर ठरतं.

डाव्या बाजूचा स्तन असेल तर श्वास रोखायचा सराव करवून घ्या. छाती भरून श्वास घेतला की हृदय किरणांच्या वाटेतून मागे सरकतं. पडद्यावर ते सरकताना मी रोज बघते आणि रोज बरं वाटतं. वीस सेकंद घरी पडल्या पडल्या रोखून बघा.

प्रश्न : यांना प्रोस्टेटसाठी बाहेरून किरण देतायत. घरी दोन महिन्यांची नात आहे. तिला मांडीवर घेतलं तर चालेल?

खुशाल घेऊ द्या. बाहेरून दिलेले किरण मशीन बंद होताच संपतात. अंगात, कपड्यांत, घामात काही उरत नाही. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड उरत नाही, तसंच. किरणोत्सारी आयोडीन पाजलं असेल किंवा प्रोस्टेटमध्ये कायमचे बारीक दाणे बसवले असतील तर गोष्ट वेगळी; तेव्हा लहान मुलांपासून किती दिवस दूर राहायचं ते लेखी देतात. तुमच्या पत्रावरून तसं दिसत नाही. आजोबांना नातीपासून तोडू नका. फक्त रोज सांगितलेलं पाणी पिऊन मूत्राशय भरून येताहेत ना, तेवढं बघा. भरलेलं असलं की आतडी वर ढकलली जातात.

प्रश्न : आईचे ३० किरणोपचार मागच्या आठवड्यात संपले. मानेची कातडी आता जास्तच काळी पडून सोलते आहे, थकवाही वाढलाय. आणि डॉक्टर म्हणतात स्कॅन तीन महिन्यांनी. उपचार वाया गेले का?

वाया गेलेले नाहीत. कातडी आणि घसा यांचा त्रास शेवटच्या हप्त्यानंतर आठवडा-दोन आठवडे वाढतो, मग उतरतो. तीच गोष्ट गाठीची. घायाळ पेशी दुभंगायला जाईल तेव्हा मरेल, म्हणून किरण थांबल्यावरही आत काम चालूच असतं. लगेच स्कॅन केला तर सुजेचं आणि मरत्या पेशींचं चित्र दिसतं आणि घरचे उगाच हादरतात. डोक्या-मानेसाठी साधारण १२ आठवडे थांबायचं कारण हेच.

तोवर मानेला सैल सुती कापड, साधं पाणी, घासायचं नाही, ऊन टाळायचं. ओलसर सोलवटलं, वास आला किंवा ताप चढला तर तारखेची वाट न बघता जा. आणि विभागातून निघताना आईचा मास्क हवाय का विचारतील. काही जण घरी नेतात, काही तिथेच ठेवून जातात. आईलाच ठरवू द्या.