‘मग आता तू परत जाणार का?’

प्रश्न: ताई, मी 9 वर्षं स्टुटगार्टला आहे, शनिवारी एका केंद्रात मुलांना गणित शिकवते, असंच फुकट. तिथे एक सिरियन मुलगा येतो, 17 वर्षांचा, अलेप्पोचा. 2015 ला आईवडिलांबरोबर आला तेव्हा सात वर्षांचा होता. हुशार आहे. वडील अरबीत बोलतात, हा जर्मनमध्ये उत्तर देतो. 8 डिसेंबर 2024 ला सिरियाच्या हुकूमशहाची, असदची सत्ता गेली, रविवार होता, ही सगळी मंडळी रस्त्यावर नाचत होती, आणि सोमवारी वर्गात कुणीतरी विचारलं, मग आता तू परत जाणार का? तेव्हापासून घुम्यासारखा बसतो. परवा दप्तरातून एक पिवळं पाकीट काढून वाचत होता, वडिलांचं सरकारी पत्र. मी म्हटलं, अरे टेन्शन कशाला घेतोस, तू तर आता इथलाच! तर ताडकन उठून गेला. माझाही मुलगा मराठी बोलायला लाजतो, मला वाटलं मला कळेल याचं. काय चुकलं?
– एक वाचक, जर्मनी

उत्तर: अहो, एक जण म्हणतो जा, तुम्ही म्हणता तू इथलाच, दोघांनीही परस्पर ठरवून टाकलं की! त्याला विचारलं कुणी?

आणि तुमच्या मुलाशी तुलना नको, राग मानू नका. आपण वैतागलो की तिकीट काढतो, गणपतीला जाऊन येतो, आजीच्या हातचं खाऊन परत. शरणार्थी म्हणून संरक्षण मिळालेला माणूस मायदेशी नुसता भेटायला गेला तरी ते संरक्षण जाऊ शकतं. म्हणजे अलेप्पो त्याच्यासाठी सात वर्षांच्या मुलाने पाहिलेलं तेवढंच, बाकी सगळं आईच्या फोनवरच्या रडण्यातून. त्याच सोमवारी, 9 डिसेंबरला, जर्मनीने सिरियन लोकांच्या आश्रय अर्जांवरचे निर्णय थांबवले. आपल्या अर्जाचा निकाल आधीच लागलेला असला तरी घरात धडकी भरतेच ना.

आता ते पाकीट. तिथे महत्त्वाची सरकारी पत्रं पिवळ्या पाकिटात येतात, हे तुम्हाला माहीतच असेल. घरात भाषा येणारा हा एकटा असेल तर बापाचं पत्र, आईचा डॉक्टर, घरमालकाचं भांडण, सगळं याच्याच तोंडून जातं. बाप पोराकडे बघून विचारतो, काय लिहिलंय? आणि पोरगा वाईट बातमी गिळून म्हणतो, काही नाही. मला तर वाटतं त्याची चिडचिड निम्मी यातूनच आहे, ओळखबिळख नंतर.

जॉन बेरी म्हणून एक मानसशास्त्रज्ञ आहेत, ते म्हणतात की नव्या देशात माणूस चारपैकी एका वाटेने जातो. जुनं-नवं दोन्ही धरायचं, फक्त नवं, फक्त जुनं, किंवा दोन्ही सोडून अधांतरी. दोन्ही धरणारे साधारण जास्त सावरतात, पण ते एकट्या पोराच्या हातात नसतं, समोरच्यांनी धरू द्यायला हवं. घरी जर्मन बोलला म्हणून ‘विसरला’ आणि बाहेर अरबी बोलला म्हणून ‘मिसळत नाही’, असं दोन्हीकडून ऐकल्यावर पोरगं गप्पच बसणार.

तुम्ही गणित शिकवा, तेच चालू ठेवा. निदान गणितात तरी त्याला कुणी तू कुठला विचारत नाही. पुढच्या शनिवारी एवढंच म्हणा, त्या दिवशी मी उगाच बोलले, सॉरी. मग तो बोलला तर ऐका, नाही बोलला तर पुढचं उदाहरण. युद्धाच्या आठवणी मात्र खोदून काढू नका.

झोप उडाली, शाळा बुडायला लागली, जगून काय करू असं काही बोलला तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी केंद्रातल्या लोकांना सांगून डॉक्टर गाठायचा. शरणार्थींसाठी वेगळी मानसोपचार केंद्रं तिथल्या बऱ्याच शहरांत आहेत, दुभाषाही मिळतो. ‘वेड्याचा डॉक्टर’ म्हणून घरचे आधी बिचकतील, आपल्याकडे काय वेगळं होतं?

आणि वडिलांशी बोलायला जाल तर अरबी येणारं कुणीतरी मोठं माणूस सोबत न्या. भाषांतराला पोरालाच बसवू नका हो.